बुडालेल्या होडीच्या खुणा

लूर्डस टीचरच्या हातात वेताची छडी नसे, बांबूची कामटी असे. वेत निदान वाकतो. कामटी सरळ हाडाला जाऊन भिडते. वसईच्या किल्ल्यामागच्या कोळीवाड्यातली सहावीची पोरं दर्याला भीत नसत, बापाच्या दारूलाही भीत नसत, पण ती कामटी टेबलावर आपटली की वर्गात माशी घोंघावलेलीही ऐकू येई. पालकांची तक्रार नव्हती. मारकुटी असली तरी पोरांना शुद्ध लिहायला शिकवते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

ती मुळातच अशी होती, असं मात्र कुणी म्हणू नये. अडीच वर्षांपूर्वी तिचा नवरा आल्बर्ट नाहीसा झाला तेव्हापासून ती अशी झाली. फेब्रुवारीतली गोष्ट. भांगाचे दिवस होते. भांगात पाण्याला ओढ नसते, डोलीची जाळी भरत नाहीत, सगळ्या होड्या वाळूवर पडून असतात. ही जाळी ज्यांना बांधतात ते समुद्राच्या तळात ठोकलेले खुंट एकदा बघून येतो, म्हणून आल्बर्ट मशीनची छोटी होडी घेऊन एकटाच गेला. निघताना नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लूर्डसनं तव्यावरचा उलथना त्याच्यावर भिरकावला होता आणि वर म्हणाली होती, “जा, मर कुठंतरी!” उलथना चौकटीला लागला. आल्बर्ट हसत हसत निघून गेला आणि परत आला नाही.

गावानं दोन दिवस समुद्र धुंडाळला. मग होडीनं मुंबईला सुकी मासळी घालून प्लासिड परत आला. प्लासिडची होडी किनाऱ्यावर आल्बर्टच्या होडीच्या शेजारीच लागायची. भर वाळूवर, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, “उगाच कशाला शोधताव? मी माज्या डोल्यांनी बघितला त्याला भाऊच्या धक्क्यावर. होडी विकलान. नवा शर्ट घातलेला, बरोबर बाई होती. हाक मारली तर तोंड फिरवून गेला.”

गावानं ते लगेच खरं मानलं. आल्बर्ट दिसायला देखणा, तोंडाचा गोड, आणि बायकोचा उलथना तर शेजारच्या चार घरांनी ऐकला होता. लूर्डसनंही मानलं. तिनं लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवून चुलीत घातला. विहिरीवर बायका तिला पाहून आवाज खाली आणत. “टाकलेली” हा शब्द तरीही तिच्या कानापर्यंत पोचे. मेलेल्या नवऱ्यासाठी निदान चर्चमध्ये मिस्सा होतो, लोक घरी येऊन बसतात. पळालेल्या नवऱ्यासाठी कोण काय करणार? फादरनी एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “जिवंत माणसासाठी कसला मिस्सा, फादर? तो मेला असता तर मी सुखी झाले असते.”

तो सगळा राग शाळेत निघायचा. कुणी विचारलं असतं तर तिनं मान्य केलं नसतं, पण सर्वांत जास्त निघायचा तो सालोमीच्या तळहातावर. सालोमी ही प्लासिडची एकुलती एक मुलगी. वाईट बातमी आणणाऱ्याचीही माणसाला चीड येते, आणि त्याची पोर रोज समोरच्या बाकावर बसत होती.

१९८५ च्या सप्टेंबरात, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात गेल्या होत्या तेव्हा, पेपरात बातमी आली. टायटॅनिक सापडली. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी हिमनगावर आदळून बुडालेली ती प्रचंड बोट, जवळजवळ चार किलोमीटर खोल पाण्यात. लूर्डस टीचरनी कात्रण फळ्याशेजारी चिकटवलं आणि फळ्यावर खडूनं शब्द लिहिले: हिमनग, जलसमाधी, अवशेष, शोधमोहीम, सागरतळ.

“अवशेष म्हणजे काय? उरलेलं. मोडलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गोष्टीचं जे मागे उरतं ते. आता प्रत्येकानं वाक्यात उपयोग करा. आणि मला पुस्तकातली वाक्यं नकोत.”

कोळ्यांच्या पोरांना समुद्रावर बोला म्हटलं की मग काय विचारता! पहिल्या बाकावरच्या बेटीनं सांगितलं, किल्ल्यासमोर सोन्यानं भरलेल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. कुणी म्हणालं, अर्नाळ्याला भुताच्या गलबताचे अवशेष अमावास्येला वर येतात. लूर्डसनं त्याला भुताचं नाव काढल्याबद्दल एक कामटी ठेवून दिली. भुतंखेतं, स्वप्नं, दृष्ट असलं काही वर्गात कुणी काढलं की तिची कामटी ठरलेली. सालोमी उठली आणि म्हणाली, “आमच्या खुंटांजवळ सागरतळाला एका होडीचे अवशेष आहेत.”

“तुझ्या बापाचं जहाज बुडालं का तिथं?” टीचरनी विचारलं. वर्ग खदखदून हसला. सालोमी लाल झाली, पण खाली बसली नाही.

“खरंच आहेत, टीचर.”

“सगळ्यांच्या गप्पा ऐकल्या, आता तुझी राहिली होती. शाळा सुटल्यावर थांब.”

शाळा सुटली, पोरं धूळ उडवत घरी पळाली. सालोमी टेबलापाशी उभी राहिली. बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास वर्गात भरला होता. लूर्डसला त्या दिवशी डोकेदुखी होती, आणि पोरीचा तो हट्टी चेहरा बापासारखाच होता.

“बोल, मी खोटं बोलले म्हण आणि घरी जा.”

“मी खोटं नाही बोलले.”

“हात पुढे.”

पहिल्या फटक्याला पोरगी नुसती थरथरली. दुसऱ्याला तिनं ओठ चावला. तिसरा बोटांच्या पेरांवर बसला आणि कातडी फुटली. लूर्डसला रक्त दिसलं, आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तिला बरं वाटलं. तिनं चौथा मारला.

“कुणी सांगितलं तुला होडी आहे म्हणून? कुणी?”

“बाबांनी!” सालोमी ओरडली, आणि मग शाळेची भाषा सोडून घरच्या बोलीत रडत रडत बोलू लागली. “बाबांनी शिकवलाय मना. पाठ करून घेतलाय. ‘बुरूज झाकी मनोरा, ताड झाकी तुंगार, तिथं सोडशील जाला, तर जाल्याचा भंगार.’ तिथं मशीनची होडी बुडलीय, जाला अडकून फाटतं. आईला पन सांगू नको बोललेत. मारू नका टीचर, मी आता कोनाला नाय सांगनार!”

कामटी वर गेली होती, ती तशीच राहिली.

कोळ्याच्या घरात हे असंच शिकवतात. भर समुद्रात ना रस्ता ना पाटी. होडीतून किनाऱ्याकडे बघायचं. अमुक बुरजाच्या आड चर्चचा मनोरा लपला आणि त्याच वेळी अमुक ताडाच्या आड तुंगारेश्वराचा डोंगर आला, की आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. मासळीच्या जागा आणि खडकाच्या जागा बाप पोरांकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतो, आणि घराबाहेर कुणाला सांगत नाही. प्लासिडला मुलगा नव्हता. त्याच्या डोळ्यांवर पांढरा पडदा येत चालला होता, दोन-चार वर्षांनी होडी कुणाच्या तरी, बहुधा जावयाच्या, हाती जाणार होती. म्हणून त्यानं सगळ्या खुणा मुलीच्या डोक्यात भरल्या होत्या, आणि त्यात हीही एक. आपलं जाळं फाटेल अशी जागा पोटच्या पोरीला न सांगता मरणं हे त्याला जमणारं नव्हतं.

“कधीपासून?” लूर्डसनं विचारलं. “ही खूण कधी शिकवली?”

“माज्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी. त्याच्या आधी आमचे खुंट तिथंच हुते. बाबांनी ते उपटून पलीकडं ठोकले.”

पहिलं कम्युनियन, म्हणजे पोरांनी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा, अडीच वर्षांपूर्वीच्या ईस्टरनंतर झाला होता. लूर्डसला तो पक्का आठवत होता, कारण तेव्हा बायकांच्या ओळीत तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. गेल्या दहा वर्षांत कोळीवाड्याची एकही मशीनची होडी बुडाली नव्हती. एकच नाहीशी झाली होती, आणि ती भाऊच्या धक्क्यावर विकली गेल्याचं प्लासिडनं सांगितलं होतं.

तिनं सालोमीचा हात धरला. पोरगी अंग चोरून मागे सरली. लूर्डसनं घड्यातल्या पाण्यानं तिची बोटं धुतली, स्वतःच्या रुमालानं बांधली आणि म्हणाली, “घरी सांग, दारात बोट चिमटलं. मला काय सांगितलंस ते कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस.” पोरगी पळाली. लूर्डस रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसली.

तो पळाला नव्हता. हा एवढाच विचार डोक्यात घण घालत होता. अडीच वर्षं ती रोज सकाळी उठून त्याला शिव्या देत होती, आणि तो तिथंच होता, घराच्या दारातून दिसणाऱ्या पाण्याखाली. पण खरंच होता का? पोरीच्या एका घोकणीवर काय काय उभं करायचं? तिला नक्की कळायला हवं होतं. टाकलेली की विधवा, एवढंच.

ती आल्बर्टच्या धाकट्या भावाकडे, रॉबर्टकडे गेली. रॉबर्ट पंचविशीचा, रेड्याच्या ताकदीचा आणि रेड्याच्याच डोक्याचा. भाऊ बाईच्या नादी लागून पळाला या लाजेपायी त्यानं दोन वेळा दारूच्या गुत्त्यावर माणसांची डोकी फोडली होती. ती म्हणाली, “येत्या भांगात मला पाण्यावर ने. तळ चाचपायचा लोखंडी गळ घे. का ते विचारू नकोस.”

“वयनी, बाई होडीत?”

“मी बाई नाही, मास्तरीण आहे. नेतोस की नाही?”

भांगाचा शनिवार, शाळा अर्ध्या दिवसाची. पाणी तळ्यासारखं पडलेलं. गावातली दुसरी होडी पाण्यावर नव्हती. लूर्डस होडीत उभी राहून किनाऱ्याकडे बघत होती आणि हातानं रॉबर्टला दिशा दाखवत होती. बुरूज मनोऱ्याकडे सरकत सरकत गेला आणि मनोऱ्याच्या टोकावरचा क्रूस त्याच्या आड गेला. थोडं उत्तरेला. एकटा ताड डोंगराच्या शेंड्यावर चढला.

“इथं. गळ सोड.”

दोनदा लोखंडी गळ नुसता चिखल घेऊन वर आला. तिसऱ्यांदा दोरी ताणली आणि होडी जागच्या जागी थबकली. रॉबर्टनं ओढून पाहिलं, शिवी दिली आणि वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून त्यानं पुढं काही विचारलं नाही. कपडे काढले, दोरीला धरून खाली गेला.

त्या पाण्यात दिसत काही नाही. गढूळ चहासारखं पाणी. सगळं हातानं चाचपावं लागतं. तो वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्यानं होडीत काहीतरी टाकलं. शिंपल्यांनी मढलेला एक गोळा. लूर्डसनं तो गळाच्या टोकानं खरवडला आणि आत पितळ चमकलं.

शाळेची जुनी घंटा. कडेला चीर गेली म्हणून हेडमास्तरांनी टाकून दिली होती. लग्नाच्या वर्षी लूर्डसनं ती आल्बर्टला दिली होती आणि त्यानं धुक्यात वाजवायला म्हणून होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बांधली होती.

“वयनी,” रॉबर्ट कडेला लोंबकळत म्हणाला. “होडीची एक बाजू आत फुटलीय. कोनीतरी दुसऱ्या होडीची नाल घातलीय तिच्यात. आनि मशीनला साखली गुंडाललीय. वेढ्यावर वेढे. साखलीत...” मुठीत घट्ट धरलेली लांबट वस्तू तो सोडेना. ती तिनं काढून घेतली. हाताचं हाड होतं, कोपरापासूनचं, आणि त्याला साखळीचा गंज लागलेला.

लूर्डस रडली नाही. ती घंटा पोटाशी धरून बसली आणि म्हणाली, “तो पळाला नाही, रॉबर्ट.” मग पुन्हा तेच म्हणाली. किनारा येईपर्यंत ती तेवढंच म्हणत होती. रॉबर्ट वल्हं घट्ट धरून उभा होता आणि त्याच्या जबड्याची हाडं हलत होती. तिथं कुणाचे खुंट होते हे त्याला सांगायची गरज नव्हती.

दुपार कलली होती. वाळूवर सगळा गाव होता. भांगात जाळी दुरुस्त करायची कामं निघतात. प्लासिड आपल्या नव्या जाळ्याच्या ढिगावर बसून दोऱ्याची गाठ मारत होता. त्याची बायको उर्सुला शेजारी सुकट निवडत होती आणि सालोमी टेकूवर चढवलेल्या होडीच्या सावलीत उभी होती. रॉबर्टनं होडी वाळूला लागायच्या आतच उडी मारली. वल्ह्याचा पहिला घाव प्लासिडच्या खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज ओल्या वाळूवरही स्पष्ट ऐकू आला.

प्लासिड आडवा झाला. दुसरा घाव गुडघ्यावर पडला. उर्सुला किंचाळत रॉबर्टच्या पाठीवर चढली, त्यानं तिला झटकलं तशी ती सुकटीच्या राशीत जाऊन पडली. लोक धावले, “अरे, वेडा झालास काय!” म्हणत त्याला धरायला गेले. तेव्हा लूर्डसनं ती घंटा आणि ते हाड सगळ्यांच्या मध्ये वाळूवर ठेवलं.

“आल्बर्ट,” ती म्हणाली. “ह्याच्या जुन्या खुंटांजवळ. मशीनला साखळीनं बांधलेला.”

ज्यांनी रॉबर्टला धरलं होतं त्यांनी त्याला सोडलं. आणि मग जे झालं ते एका माणसाचं राहिलं नाही. ज्यांनी अडीच वर्षं भाऊच्या धक्क्याची गोष्ट चवीनं चघळली होती तेच आता सर्वांत पुढं होते. आपण मूर्ख ठरलो याचा राग फार वाईट असतो. कुणी लाथा घातल्या, कुणी खुंट ठोकायचा लाकडी ठोकळा उचलला, कुणी प्लासिडच्या नव्या जाळ्यावर मशीनचं रॉकेल ओतून काडी लावली. नायलॉन जळतं तेव्हा काळा धूर येतो आणि वितळलेले थेंब उडतात. एक थेंब प्लासिडच्या गालावर पडला आणि तिथंच चिकटला. तो डुकरासारखा ओरडला.

लूर्डसही त्यात होती. ती बाजूला उभी राहून बघत होती असं म्हटलं तर तिच्यावर उपकार केल्यासारखं होईल. तिनं घंटा उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. आतला लोळा एकदा खणकन वाजला, त्याचे पुढचे दात गेले. “नवा शर्ट?” ती ओरडत होती. “बाई होती बरोबर?” तिनं पुन्हा हाणली. हाताला मार ओळखीचा होता. सहावीच्या वर्गात त्याची रोज तालीम झालेली होती.

“थांबा!” प्लासिड रक्त थुंकला. त्याच्या डोळ्यांत आता मरणाची भीती होतीच, पण त्याहूनही एक वेगळं काहीतरी आलं. तो हुशार माणूस होता, आणि मार खातानाही त्याचं डोकं चालत होतं. “ती जागा तुमाला कशी ठाव? त्या खुना कोनाला ठाव नाय. मना ठाव हाय, आनि...”

त्यानं मान वळवली. पडदा आलेल्या डोळ्यांनी तो होडीच्या सावलीकडे बघू लागला. सालोमी तिथं उभी होती. तिची बोटं अजून टीचरच्या रुमालात बांधलेली होती. रुमालाला निळी किनार होती, आणि तसले रुमाल गावात एकच बाई वापरायची.

“सालोमी,” तो म्हणाला. फार हळू म्हणाला. “तू?”

पोरीनं रुमाल बांधलेला हात पाठीमागे लपवला. उर्सुलानं लेकीकडे पाहिलं, मग हळूहळू सगळ्यांनीच पाहिलं. रॉबर्टनं वल्हं खाली केलं. लूर्डसला त्या पोरीचा चेहरा दिसला आणि तिला कळलं, की आपण आत्ता काय करतो यावर या मुलीचा सगळा जन्म ठरणार आहे. बापाला फासावर देणारी पोर. आई तिला जन्मभर जेवायला वाढेल आणि वाढताना तेच आठवेल. उद्या ही विहिरीवर जाईल तेव्हा बायका आवाज खाली आणतील. ते कसं असतं ते लूर्डसइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि पोरीनं तोंड आपणहून उघडलं नव्हतं, ते कामटीनं उघडवलं होतं.

“आल्बर्टनं सांगितलं,” लूर्डस म्हणाली.

“कोनी?”

“आल्बर्टनं. माझ्या स्वप्नात आला.” तिनं आवाज चढवला, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा. “तीन रात्री आला. ओला. हातात साखळी. म्हणाला, बुरूज मनोऱ्याला झाकतो, ताड तुंगारला झाकतो, तिथं मी आहे, मला ने. आणि कुणी मारलं तेही सांगितलं.”

बायकांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. म्हातारे गुडघ्यावर बसले. भुताचं नाव काढलं म्हणून पोरांची बोटं फोडणारी शिकलेली मास्तरीण हे सांगत होती. तिच्या शब्दावर शंका कोण घेणार? आणि प्लासिडनं तर ती साखळी स्वतःच्या हातानं गुंडाळली होती. त्याच्या मोडक्या खांद्यासह तो मागे सरकू लागला, वाळूत टाचा रुतवत, जणू आल्बर्ट तिच्या पाठीमागेच उभा होता.

“त्याला सांगा मना हात लावू नको!” तो केविलवाणं ओरडू लागला. “मी त्याला मारनार नवतो. जागेवरून भांडलाव. माज्या बापाची जागा ती, त्यानं तिथं खुंट ठोकला. मी होडी घातली त्याच्या होडीत. तो पान्यातून वर यायला लागला... हातात ठोकला हुता माज्या. एकदाच मारला. आनि मग तो वर येऊ नये म्हनून... देवा, तो वर येऊ नये म्हनून बांधला!”

रॉबर्टनं वल्हं पुन्हा उचललं. या वेळी घाव डोक्यावर बसला असता. लूर्डसनं त्याचा हात धरला. दया आली म्हणून नाही. सालोमी बघत होती म्हणून. “पुरे. आता फौजदारांना बोलाव.” रॉबर्ट रडायला लागला आणि वल्हं दूर पाण्यात फेकून दिलं. जीप येईपर्यंत जाळं धुमसत राहिलं.

आल्बर्टला पुरलं तेव्हा शवपेटीत चार हाडं होती, पण पेटी पुऱ्या मापाची होती. लूर्डसनं तसा हट्टच धरला होता. ती काळी साडी नेसून पहिल्या बाकावर बसली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या. विहिरीवर आता कुणी आवाज खाली आणत नव्हतं. उलट नवीनच छळ सुरू झाला. ज्यांची माणसं दर्यात गेली होती त्या बायका संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहत. “टीचर, आमचा येतो काय हो तुमच्या सपनात? येला तर विचारा, कुठं हाय.” ती त्यांना चहा द्यायची आणि काही बोलायची नाही. ज्या खोट्यासाठी तिनं पोरांना फोडून काढलं असतं ते खोटं आता तिला रोज दारात उभं असलेलं दिसायचं, आणि ते मोडायची सोय नव्हती.

तिचा आल्बर्ट एकदाही स्वप्नात आला नाही. आला असता तर तिनं त्याची उलथन्याबद्दल माफी मागितली असती.

सालोमी महिनाभर शाळेत आली नाही. मग एका सकाळी आली. उर्सुलानं स्वतः आणून फाटकात सोडली आणि टीचरकडे न बघता वळली. पोरगी वाळली होती. फळ्याशेजारी ते कात्रण अजून होतं, पिवळं पडलेलं. नवा धडा सुरू झाला होता. टेबलावर कामटी नव्हती. पोरांनी आठवड्याभरापूर्वीच तिचा शोध घेतला होता, आणि कुणाला सापडली नव्हती.

सालोमी टेबलापाशी आली. रुमाल धुऊन, इस्त्रीची घडी घालून आणला होता. तो तिनं टेबलावर ठेवला आणि सवयीनं तळहात पुढे केला. पेरांवरचे व्रण गुलाबी होते.

“हात खाली घे,” लूर्डस म्हणाली.

पोरीनं हात खाली घेतला नाही. वर्गाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, “टीचर, मी त्या दिवशी खोटा नवते बोलले.”

लूर्डसनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. शाळेत ती कधी घरच्या बोलीत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“नाय बोललीस, पोरी. खोटा मीच बोलली. आनि मरेपर्यंत बोलनार हाय.”

सालोमीनं मान हलवली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.